दर्याचे दप्तर

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, तहनामे येतात, बखरी आणि शकावल्या येतात. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा केले, तेव्हा कोठे मराठ्यांच्या इतिहासाला पाया मिळाला. कागद नाही तर इतिहास नाही, हा धडा आपण त्यांच्यापासून घेतला. आम्ही आज ज्यांच्या इतिहासाविषयी बोलणार आहोत त्यांनी कागद ठेवला नाही, शिलालेख कोरला नाही, नाणे पाडले नाही. ते मासे आहेत. उष्ण समुद्रात प्रवाळांच्या भिंतींच्या आश्रयाने राहणारे मासे. माशांना कसला आला आहे इतिहास, असे श्रोत्यांपैकी कोणी विचारले तर तो प्रश्न गैरवाजवी म्हणता येणार नाही. आमचे उत्तर असे की, त्यांना इतिहास आहे. आणि तो ठाऊक नसल्यामुळे माणसाने स्वतःचे जे नुकसान करून घेतले, तेही त्या इतिहासाचेच एक प्रकरण आहे.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्याकडे अंगठीत घालतात ते तांबडे पोवळे मूळचे भूमध्य समुद्रातले. भिंती बांधणारे प्रवाळ हे त्याचे दूरचे भाऊबंद. प्रत्येक प्रवाळ हा मऊ देहाचा, तोंडाभोवती बारीक बोटांचे कडे असलेला एक लहानसा प्राणी असतो. तो आपल्या बुडाशी चुन्याची वाटी बांधतो आणि तीत राहतो. त्याच्या देहात सूक्ष्म शैवाल बिऱ्हाडाला असते. हे शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला भाड्यादाखल देते. यामुळेच अशा भिंती उबदार, उथळ आणि स्वच्छ पाण्यात वाढतात, जेथे ऊन पोहोचते तेथे. पिढीवर पिढी, वाटीवर वाटी चढत जाते. डार्विनने १८४२ साली आपल्या ग्रंथात असे मांडले होते की, ज्वालामुखी बेट हळूहळू खचत जाते आणि प्रवाळ त्याच बेताने वर वाढत राहतात, म्हणून महासागरात कंकणाच्या आकाराची बेटे दिसतात. १९५२ साली पॅसिफिकमधील एनिवेटॉक बेटावर खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे १,४०० मीटर चुनखडीखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला. एवढीशी वाटी बांधणाऱ्या प्राण्याने रचलेला तो ढीग होता. कोणत्याही सम्राटाच्या इमारतीने त्यापुढे मान खाली घालावी.

या भिंती समुद्रतळाचा शंभरावा हिस्साही व्यापत नाहीत. तरी समुद्रातील ज्ञात जीवजातींपैकी सुमारे पाव जातींचे आयुष्य कोठे ना कोठे त्यांच्याशी बांधलेले आहे. तेथील माशांची वस्ती पाहिली म्हणजे एखाद्या जुन्या शहराच्या पेठा आठवतात. प्रत्येक पेठेचा धंदा वेगळा. पोपटासारखी चोच असलेले मासे दगडावरचे शेवाळ खरवडून खातात, त्याबरोबर चुनाही गिळतात आणि बारीक वाळू करून बाहेर टाकतात. कित्येक बेटांची पांढरीशुभ्र पुळण पुष्कळ अंशी त्यांचीच करणी आहे. शेपटीच्या मुळाशी नस्तरासारखा काटा असलेले दुसरे शाकाहारी मासे थव्याने चरत फिरतात. ही चरणारी मंडळी नसतील तर शेवाळ माजून प्रवाळाच्या पोरांना बसायला जागा उरणार नाही. काही रंगीत मासे जिवंत प्रवाळच टिपून खातात. काही त्यांच्या फांद्यांत नुसते लपतात. भिंतीच्या कडेला थव्याने उभे राहून वाहत्या पाण्यातले बारीक जीव टिपणारे आणखी निराळे. आणि या सगळ्यांच्या वर हेकरू, तांबोशी, मुशी यांसारखे मोठे शिकारी मासे.

या मोठ्या माशांची एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ते सावकाश वाढतात. हेकरूच्या कित्येक जातींत मासा आरंभी मादी असतो आणि वय वाढल्यावर नर होतो. तेव्हा मोठे मोठे मासे निवडून मारले म्हणजे नुसते वजन कमी होत नाही, त्या कुळातले नरच उठून जातात. शिवाय यांतील काही जाती वर्षातून ठराविक चंद्रकलेला ठराविक जागी अंडी घालण्यासाठी जमतात. ती जागा कोळ्याला एकदा कळली की, अनेक वर्षांची पुंजी चार रात्रींत होडीत येते. सावकाश जमणारी आणि झटकन उधळली जाणारी, अशी ही संपत्ती आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे सारे शंभर वर्षांपूर्वी कसे होते, पन्नास वर्षांपूर्वी कसे होते, हे सांगायला साक्षीदार कोण?

पहिला साक्षीदार आम्ही सांगतो तो मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचे बेट आहे. त्याच्या आसपास प्रवाळभित्ती आहेत. तेथे हौशी लोक पैसे भरून दिवसभर होडीतून गरवायला जातात आणि परत आल्यावर धक्क्यावरच्या फळीला आपली शिकार टांगून तिच्याशेजारी छायाचित्र काढून घेतात. अशी अनेक वर्षांची छायाचित्रे तेथील सार्वजनिक ग्रंथालयात जपून ठेवलेली होती. कोणी इतिहास लिहावा म्हणून ती काढली नव्हती. मिरवण्यासाठी काढली होती. लोरेन मॅक्लेनाकन या संशोधक बाईंनी ती १९५६ सालापासून ओळीने लावली, त्यांना २००७ साली त्याच धक्क्यावर काढलेली नवी छायाचित्रे जोडली आणि टांगलेल्या माशांची मोजदाद केली. १९५० नंतरच्या त्या आरंभीच्या चित्रांत माणसापेक्षा उंच हेकरू आणि मोठमोठ्या मुशी लटकताना दिसतात. बक्षिसी माशाचे सरासरी वजन जवळजवळ २० किलो भरते. २००७ सालच्या चित्रांत तीच सरासरी २.३ किलो आहे, आणि फळीवर आहेत ते बहुतेक हातभर लांबीचे तांबोशीच्या कुळातले मासे. बाईंनी ही गोष्ट २००९ साली प्रसिद्ध केली.

आमचे लक्ष मात्र माशांपेक्षा माणसांच्या चेहऱ्यांकडे गेले. १९५६ सालचा गृहस्थ जितका आनंदाने हसतो आहे, तितक्याच आनंदाने २००७ सालचाही हसतो आहे. त्याला फसल्यासारखे मुळीच वाटत नाही. त्याच्या मनातला मोठा मासा तेवढाच आहे!

या हसण्याचे मर्म डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली एका लहानशा टिपणात उकलून दाखवले होते. त्याचे म्हणणे असे : मासेमारीचा अभ्यास करणारी प्रत्येक नवी पिढी आपल्या तरुणपणी समुद्रात जेवढे मासे पाहते, तेवढेच मूळचे, स्वाभाविक असे धरते. तिच्या हयातीत त्यांतले आणखी काही जातात. पुढची पिढी त्या उरलेल्यांनाच मूळ समजते. अशा रीतीने मोजण्याची पट्टीच दर पिढीला आखूड होत जाते, आणि आखूड पट्टीने मोजल्यावर घट दिसावी तरी कशी? आजोबा सांगतात, आमच्या वेळी एवढा मासा मिळे; नातू म्हणतो, आजोबांना वाढवून सांगण्याची सवयच आहे. पुष्कळदा आजोबाच खरे असतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण कागदपत्र नसलेल्या प्रांतात विस्मरण हाच सर्वांत मोठा लुटारू असतो. तो लुटून नेतो आणि लूट झाल्याचा पत्ताही लागू देत नाही.

मिरवण्याची छायाचित्रे सोडली, तर पाण्याखाली उतरून शिस्तीने मोजण्याचे काम फार उशिरा सुरू झाले. पाठीवर हवेची नळकांडी बांधून मोकळेपणी बुडी मारण्याचे साधन कूस्तो आणि गान्यां यांनी १९४३ साली सिद्ध केले. १९५४ साली व्हर्नन ब्रॉक याने हवाई बेटांत समुद्रतळाशी ठराविक लांबीची रेघ धरून तिच्या दोहो बाजूंचे मासे पोहत पोहत मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. आजही जगभर थोड्याफार फरकाने तीच रीत चालते. म्हणजे या इतिहासाचे अस्सल दप्तर पाऊणशे वर्षांपलीकडे जात नाही. त्यातही एकाच जागी, वर्षानुवर्षे, त्याच रीतीने केलेली मोजणी फारच थोडी. आज आम्ही ज्या दोन बेटांची हकीकत विस्ताराने सांगणार आहोत, ती अशा थोड्या दप्तरांपैकी एक आहे.

ही बेटे फिलिपाइन्सच्या मध्यभागात आहेत. एकाचे नाव सुमिलोन. ते सेबू बेटाच्या दक्षिण टोकाजवळ, ओस्लोब गावाच्या हद्दीत येते. दुसरे आपो, ते नेग्रोस बेटाच्या किनाऱ्यासमोर, दाविन गावाच्या हद्दीत आहे. दोन्ही इतकी लहान की चौरस किलोमीटरही भरत नाहीत. समोरच्या दुमागेते शहरात सिलिमन विद्यापीठ आहे. तेथे एंजल अल्काला नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा जन्म १९२९ सालचा. मूळ अभ्यास बेडूक आणि सरडे यांचा. पण समुद्रकाठच्या माणसाला समुद्राची दुर्दशा पाहवेना म्हणून ते पाण्याकडे वळले.

दुर्दशा खरोखरच मोठी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात स्फोटके सहज हाती लागत. बाटलीत दारू ठासून, वात पेटवून ती पाण्यात फेकायची आणि मेलेले मासे वेचायचे, ही रीत पसरली. त्या धक्क्याने प्रवाळांचा भुगा होतो, हे वेचणाऱ्याच्या गावीही नसे. दुसरी रीत मुरो-आमी नावाची. ती युद्धापूर्वी ओकिनावाच्या जपानी कोळ्यांबरोबर आली. तीत पोहणाऱ्यांची रांगच्या रांग दोरीला बांधलेले धोंडे भिंतीवर आपटत मासे जाळ्याकडे हाकलीत नेई. घर पाडून उंदीर धरण्याचाच हा प्रकार. शिवाय जाळी आणि गळ होतेच. माणसे वाढत होती, मासे कमी होत होते.

१९७४ साली अल्काला यांच्या प्रयत्नाने सुमिलोनच्या भित्तीचा सुमारे पाव भाग मासेमारीला बंद करण्यात आला. बाकीचा तीन चतुर्थांश भाग पूर्वीप्रमाणेच मोकळा राहिला. त्यावर समोरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी कोणता हिशेब केला असेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. पाव शेत पड टाकले तर पाव पीक बुडाले. पोट हातावर असलेल्या माणसाचा हा हिशेब आहे, आणि त्याला हसण्याचा अधिकार पोटभर जेवणाऱ्याला नाही. पण हिशेब बरोबर होता की चूक, हे ठरविण्याची संधी इतिहासाने अचानक आणून दिली.

दहा वर्षे बंदी बरी पाळली गेली. १९८४ साली स्थानिक राजकारणाचे वारे फिरले, बंदी मोडली आणि सगळी भित्ती खुली झाली. अल्काला आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन सहकारी गॅरी रस यांनी बंदी मोडण्यापूर्वीची मोजणी करून ठेवली होती, कोळ्यांच्या पाट्यांतले मासेही तोलले होते. त्यांनी तेच काम पुढे चालू ठेवले. आता साधा हिशेब काय सांगतो? पूर्वी पाऊण भित्तीवर मासेमारी होती, आता पूर्ण भित्तीवर आहे. तेव्हा मासळी वाढली पाहिजे. प्रत्यक्षात काय झाले? १९८३-८४ साली चौरस किलोमीटरमागे वर्षाला ३६.९ टन मासळी निघत होती. १९८५-८६ साली ती १९.९ टनांवर आली. गळ टाकणाऱ्याला, जाळे लावणाऱ्याला आणि सापळा ठेवणाऱ्याला, तिघांनाही तेवढ्याच कष्टात पूर्वीपेक्षा कमी मासे मिळू लागले. शेत पाऊण होते तेव्हा कोठार भरत होते. सगळे शेत हाती आले आणि कोठार निम्म्यावर आले.

याचा अर्थ लावणे कठीण नाही. बंद भागात मासे निर्वेधपणे वाढत, मोठे होत, गर्दी झाली की सीमेबाहेर येत. भरलेल्या हंड्यातून पाणी सांडावे तसे ते सांडत, आणि बाहेरचा कोळी ते सांडलेले भरून घेई. हंडाच फुटल्यावर सांडायचे काय? ज्या पाव भागाला कोळी बुडीत खाते समजत होता, तेच त्याचे भांडवल होते. तो आजवर त्याच्या व्याजावर जगत होता. सुमिलोनची पुढची कथा तशीच उद्वेगजनक आहे. काही वर्षांनी बंदी पुन्हा आली, १९९२ साली पुन्हा सुटली. मोठ्या शिकारी माशांची मोजणी सांगते की, एकदा ९ वर्षांत आणि एकदा ५ वर्षांत जे जमले होते, ते दोन्ही वेळा दीड ते दोन वर्षांच्या बेबंद मासेमारीने साफ झाले. आमच्या मते या साऱ्या दप्तरातले हे सर्वांत महत्त्वाचे पान आहे. चढण नऊ वर्षांची आणि घसरण दोन वर्षांची, हा नियम ज्याला समजला त्याला या विषयातले निम्मे शास्त्र समजले.

आपोची हकीकत निराळी आहे. सुमिलोन येथे हात पोळल्यावर म्हणा किंवा आधीच शहाणपण सुचले म्हणून म्हणा, विद्यापीठाच्या मंडळींनी आपोच्या लोकांवर बंदी लादली नाही. १९७६ सालापासून ती बेटावर जात येत राहिली. कोळ्यांबरोबर बसली, बोलली, ऐकून घेतले, सुमिलोन दाखवले. १९८२ साली बेटावरच्या लोकांनीच किनाऱ्याचा सुमारे ४५० मीटर लांबीचा, भित्तीच्या दहाव्या हिश्श्याएवढा एक पट्टा बंद ठेवायचे कबूल केले. पहारा त्यांचाच. ‘बान्ताय दागात’ म्हणजे समुद्राचे राखणदार, अशी त्या पहाऱ्याला त्यांच्या भाषेत संज्ञा आहे. गावाच्या पंचायतीने १९८६ साली नियम केला आणि देशाच्या सरकारने १९९४ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. क्रम पाहण्यासारखा आहे : आधी बेट, मग गाव, मग सरकार.

या पट्ट्यातले मासे १९८३ सालापासून मोजले गेले. मोठे शिकारी मासे पहिली काही वर्षे फारसे वाढलेले दिसत नाहीत. मग सावकाश चढ लागतो आणि तो वर्षानुवर्षे चालू राहतो. शेपटीशी नस्तर बाळगणारे ते चरणारे मासे आणि थव्याने शिकार करणारे एक चपळ कुळ, या दोहोंचे मिळून वजन १९८३ ते २००१ या १८ वर्षांत पट्ट्याच्या आत तिप्पट झाले. बाहेर, सीमेच्या जवळच्या पाण्यात मासे वाढत गेले. १९९८ ते २००१ या काळात बेटावरच्या कोळ्याला गळाने तेवढ्याच वेळात मिळणारी मासळी आरंभीच्या वर्षांच्या मानाने दीडपट झाली. आणि गळ टाकण्यात जाणारे एकंदर श्रम मात्र १९८६ सालच्या तुलनेने ४६ टक्क्यांनी घटले. काहींना बुडी मारायला येणाऱ्या पाहुण्यांच्या सेवेतून दुसरे उत्पन्न मिळू लागले होते, हेही त्याचे एक कारण. तरी मोठ्या शिकारी माशांची पूर्ण भर व्हायला १५ ते ४० वर्षे लागतील, असा अल्काला आणि रस यांचा हिशेब होता. म्हणजे जो बाप पट्टा बंद करतो, त्याच्या मुलाच्या पदरात पुरते फळ पडायचे. आंब्याची कोय लावणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

अल्काला यांना १९९२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे हा पुरस्कार विनोबांना १९५८ साली आणि बाबा आमटे यांना १९८५ साली मिळाला होता, एवढे सांगितले म्हणजे त्याची जात कळेल. २०२३ साली अल्काला निवर्तले. त्यांच्या बेटाचे नाव घेऊन फिलिपाइन्समध्ये शेकडो गावांनी आपापले पट्टे राखले आहेत.

येथे व्याख्यान थांबवता आले असते, तर ते गोड झाले असते. पण इतिहासकाराला गोड ठिकाणी थांबण्याची मुभा नाही. २०११ आणि २०१२ सालच्या डिसेंबरांत ओळीने आलेल्या दोन वादळांनी आपोच्या राखीव पट्ट्यातले प्रवाळ उखडून टाकले. तीस वर्षे जपलेले वादळाने दोन तडाख्यांत मोडले. राखणदार कोळ्याला अडवू शकतो, वादळाला नाही.

आणि उन्हालाही नाही. पाण्याची उष्णता नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशा-दोन अंशांनी वाढून काही आठवडे तशीच राहिली, की प्रवाळ आपल्या बिऱ्हाडकरू शैवालाला बाहेर घालवतो. रंग शैवालाचा असल्यामुळे तो पांढराफटक पडतो आणि उष्णता उतरली नाही तर उपाशी मरतो. १९९८ साली ही आपत्ती साऱ्या जगावर आली. हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांच्या आतल्या भागात ९० टक्क्यांहून अधिक जिवंत प्रवाळ नष्ट झाले. सुदैवाने तेथे १९९४ सालची मोजणी हाताशी होती. पुढे अनेक वर्षे २१ भित्तींवर लक्ष ठेवले, तेव्हा १२ सावरल्या आणि ९ शेवाळाच्या ताब्यात गेल्या असे आढळले. ज्या खोल पाण्यात होत्या, ज्यांची घडण खाचाखोचांची होती, जेथे चरणारे मासे पुरेसे होते, त्या सावरल्या. भित्ती राखीव होती की खुली, याने मात्र फरक पडला नाही. पापुआ न्यू गिनीतील किंबे उपसागरातही तेच दिसले. तेथे प्रवाळ ढासळले, तेव्हा आठ वर्षांत माशांच्या तीन चतुर्थांशांहून अधिक जाती कमी झाल्या, निम्म्या जातींची संख्या अर्ध्याच्या खाली गेली. आणि हे राखीव भागातही तसेच झाले. ज्यांचे घरच प्रवाळाच्या फांद्यांत, ते घर गेल्यावर जाणार कोठे?

आपल्या देशापुरते पाहायचे तर लक्षद्वीप घ्या. तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या खोल पाण्यात काठी-गळाने कुपा धरत आले. भित्तीवरच्या माशांवर त्यांचा भार फारसा नव्हता. तरी १९९८, २०१० आणि २०१६ या तीन उष्ण वर्षांचे घाव तेथे बसले, आणि १९९८ ते २०२२ या काळात पाहणी केलेल्या बेटांवरचे जिवंत प्रवाळ सुमारे निम्म्यावर आले. दोन घावांमध्ये सावरायला सवड मिळाली तर भित्ती उठून उभी राहते. सवड कमी कमी होत चालली आहे. २०२४ साली जगव्यापी अशी चौथी लाट शास्त्रज्ञांनी जाहीर केली.

मग राखीव पट्टे व्यर्थ काय? आम्हांस तसे वाटत नाही. सुमिलोन आणि आपो यांनी एक गोष्ट सिद्ध केली आणि सेशेल्सने दुसरी. पहिली ही की, गळ आणि जाळे यांनी झालेली हानी माणसाला आवरता येते, आणि आवरणारा कोळी उपाशी मरत नाही, उलट जास्त मिळवतो. दुसरी ही की, उष्णतेची हानी कोळ्याच्या हातची नाही; ती गिरण्या, विजेची केंद्रे आणि मोटारी चालविणाऱ्या आम्हां-तुम्हां शहरवासीयांच्या हातची आहे. आपोच्या कोळ्याने आपला वाटा उचलला. बाकीचा वाटा ज्यांचा, ते अजून हिशेबाला बसलेले नाहीत.

हा विषय आपल्याला परका आहे असेही कोणी समजू नये. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या पाण्यात प्रवाळ आहेत. विजयदुर्गापासून पश्चिमेस शंभर किलोमीटरहून दूर समुद्रात बुडालेले एक प्रवाळांचे पठार आहे. त्याला कान्होजी आंग्र्यांचेच नाव आहे. मालवण येथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. तेथील मच्छीमारांचा त्याला आरंभापासून विरोध राहिला. त्या वादाचा निवाडा करण्यास आम्ही येथे बसलेलो नाही. मात्र आपोचा क्रम आठवा : आधी बेट, मग गाव, मग सरकार. क्रम उलटा झाला की सुमिलोन होण्याचा धोका असतो, एवढे हे दप्तर निश्चित सांगते.

आणि राखून ठेवणे ही कल्पना तरी आपल्याला कोठे नवी आहे? सह्याद्रीच्या खेड्याखेड्यांत देवराया आहेत. तेथली काडीही कोणी उचलीत नसे. पण त्याच राईतून निघालेल्या झऱ्याचे पाणी सारा गाव पीत असे. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच पाण्यात लोटायच्या, ही आपल्या कोळ्यांची रीत. आपोच्या लोकांनी केले ते यापेक्षा फार वेगळे नव्हते. त्यांनी पाण्यात एक देवराई राखली. फरक इतकाच की, त्यांच्या राईतले मासे कोणीतरी दरवर्षी मोजून लिहून ठेवत होते, म्हणून तिचे पुण्य आज आकड्यांनी सांगता येते.

शेवटी एक विनंती करून हे व्याख्यान पुरे करतो. आपल्यापैकी पुष्कळांचे नातेवाईक कोकणात असतील. या सुटीत तिकडे गेलात तर एखाद्या वृद्ध कोळ्याजवळ किंवा मासळी विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईजवळ घटकाभर बसा. तुमच्या तरुणपणी कोणते मासे येत, केवढे येत, कोणत्या खडकाजवळ मिळत, हे विचारा आणि सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा. वाढवून सांगतात म्हणून हसू नका. राजवाड्यांनी माळ्यावरचे कागद वाळवीच्या तोंडातून काढले. दर्याचे जे काही जुने दप्तर आपल्या किनाऱ्यावर उरले आहे, ते अशा चार-दोन म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि त्याला वाळवीपेक्षा वेगाने जाणारी वाट आहे.